पोकलेन बोलवायच्या आधी: गावात पाणलोटाचं काम आणि त्याची भागीदारी कशी जमवायची

दर वर्षी मार्च उजाडला की फोन सुरू होतात. भाऊ आमच्या गावात पण पाण्याचं काहीतरी करायचंय, एखादी कंपनी बघा ना ओळखीत, पोकलेन मिळालं की बाकीचं आम्ही बघतो. आता बाकीचं म्हणजे काय बघणार असं विचारलं की पलीकडे शांतता. खरं सांगतो, ह्या सगळ्या कामात मशीन ही सगळ्यात सोप्पी मिळणारी वस्तू आहे, अवघड आहे ते वरच्या वस्तीवरच्या माणसाची आणि ओढ्याकाठच्या विहीरवाल्याची एका कागदावर सही घेणं. मी इंजिनिअर वगैरे नाही, दुष्काळी तालुक्यातला शेतकऱ्याचा पोरगा आहे, आठ-नऊ गावांत हात घातला, तीन ठिकाणी नीट जमलं, दोन ठिकाणी बऱ्यापैकी, बाकी ठिकाणी हात पोळले, आणि जे शिकलो ते पोळलेल्या ठिकाणीच शिकलो.

हद्द गावाची नको, पाण्याची धरा

पहिलं काम घरी बसून होतं. तलाठ्याकडून गाव नकाशा घ्या (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात तलाठीच म्हणतात), गुगल अर्थ उघडा, आपला ओढा शोधा आणि तो जिथून निघतो तिथपर्यंत बोट वर वर न्या. ज्या सगळ्या जमिनीवरचं पाणी वाहून ह्या ओढ्याला येतं तो त्याचा पाणलोट. बहुतेक वेळा कळतं की आपल्या ओढ्याचा माथा आपल्या गावात नाहीच, तो शेजारच्या गावाच्या माळावर आहे नाहीतर वन विभागाच्या डोंगरावर. आणि काम तर माथा ते पायथा करायचं असतं, म्हणजे आधी डोंगरउतारावर समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), मग दगडी बांध, मग शेताची बांधबंदिस्ती, मग खाली नाल्यावर माती बांध नाहीतर सिमेंट बंधारा. वरचा भाग सोडून खालीच बंधारा बांधला की दोन पावसाळ्यात तो गाळानं भरतो. म्हणजे तुमचा पहिला पार्टनर कंपनी नाही, आमदार नाही, वरचं गाव आहे. त्यांच्या सरपंचाकडे चहाला जा, आणि जाताना "आमच्यासाठी काम करू द्या" असं म्हणू नका, त्यांच्या माळावर चर झाले तर त्यांच्या पायथ्याच्या विहिरींना काय मिळेल ते आधी स्वतः समजून घेऊन जा.

मग शिवार फेरी. हिच्यात लोक घाई करतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून अर्ध्या दिवसात उरकतात. चालत जा, ओढ्याच्या तोंडापासून उलटं वर, दोन-तीन सकाळी लागल्या तरी लागू द्या. सोबत फक्त पुढारी नकोत. विहिरी खोदणारा एखादा म्हातारा घ्या, त्याला कुठे मुरूम किती फुटावर संपतो आणि काळा पाषाण कुठे लागतो ते पाठ असतं. मेंढरं राखणारा घ्या, फेब्रुवारीपर्यंत कुठल्या खडकातून पाझर येतो ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. आणि बायका घ्या, कारण टँकरच्या रांगेत त्या उभ्या असतात, पुरुष मंडळी पाणी म्हणजे उसाचं पाणी समजतात, बायका पाणी म्हणजे हंड्याचं पाणी समजतात, आणि ह्या दोन पाण्यांचं भांडण पुढे कधीतरी होणारच आहे तर ते फेरीतच होऊ दे.

खडकाचं थोडं समजून घ्या. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा, ह्या खडकात पाणी मावतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरात, म्हणजे तशी जागा कमीच. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत जे चाललं ते तुमच्या कातळावर चालेलच असं नाही. नाला खोल खोल करत नेला आणि मुरमाचा थर कापून टाकला तर शेजारच्या विहिरीतलंच पाणी नाल्यात येतं, फोटो झकास येतो पण ते नवं पाणी नसतं. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं ऑफिस असतं, तिथल्या भूवैज्ञानिकाला एक दिवस गावात आणा. हा एक दिवस पुढचे कित्येक लाख वाचवतो.

पाण्याचा हिशोब फळ्यावर

कुणाकडे पैसे मागायच्या आधी गावाला स्वतःचा हिशोब दिसला पाहिजे. हिवरे बाजारला पोपटराव पवार 1989 साली सरपंच झाले, त्या गावात दर वर्षी पाऊस संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. आपल्याला लगेच तेवढं जमणार नाही पण साधं गणित शाळेच्या फळ्यावर नक्की जमतं.

1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर पाणी. समजा गाव 1,000 हेक्टरचं आणि पाऊस 500 मिलिमीटर, तर पडलं 50 लाख घनमीटर, म्हणजे ऑफिसच्या भाषेत 5,000 टीसीएम (टीसीएम म्हणजे हजार घनमीटर). आता 2,000 लोकसंख्येला माणशी रोज 55 लिटर धरा, वर्षाला लागतात फक्त 40 टीसीएमच्या आसपास. इथपर्यंत आलं की सभेत सगळे खूश, एवढं पाणी पडतं तर टँकर का येतो. कारण पडलेल्यातलं बरंचसं उन्हानं जातं, बरंच वाहून जातं, मुरतं ते थोडं, आणि मुरलेलं कोण उपसतं हा खरा प्रश्न. मग उसाचं गणित मांडा. पाटानं पाणी दिलं तर उसाला साधारण 2,000 मिलिमीटर लागतं असं धरू, म्हणजे हेक्टरी 20 टीसीएम, म्हणजे 2 हेक्टर, पाच एकर, ऊस बरोबर सगळ्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी. हे मी पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या रांगेतून एक आजी म्हणाली, मंग त्या पाच एकरवाल्याला बोलवा की हितं. तो तिथेच बसला होता बिचारा.

हे आकडे वापरताना एक पथ्य पाळा, कुणाला चोर ठरवू नका. ऊसवाला पण कर्ज काढूनच विहीर पाडतो. गणित सगळ्यांचं आहे असं ठेवलं तरच तो पुढच्या मीटिंगला येतो.

कागदावर सही, खोदायच्या आधी

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि लोक सगळ्यात जास्त कंटाळतात. पण ऐका.

एका गावात आम्ही गायरानावर चर काढले, साठ सेंटिमीटर रुंद, तीस खोल, म्हणजे एका मीटरला 180 लिटर पाणी धरणारा, सगळं हायड्रोमार्करनं (पाणी भरलेल्या नळीनं समपातळी काढायचं साधन) लेव्हल काढून, भराव्यावर रोपं लावली, फोटोबिटो झाले. पुढच्या दिवाळीपर्यंत भरावा तुडवून सपाट आणि रोपांचे नुसते खुंट. मेंढरं. आम्ही चिडून मेंढपाळाकडे गेलो तर तो शांतपणे म्हणाला, तुमी समद्यांची मिटिंग घेतली, माझी कुठं घेतली? आणि खरंच होतं, त्याचा वाडा दुसऱ्या गावात, मतदार यादी दुसरीकडे, म्हणून तो कुणाच्या लक्षातच नाही, पण वीस वर्षं त्या माळावर चरणारी जनावरं त्याची. नंतर आम्ही तीन तुकडे केले, एका वेळी एकच तुकडा बंद, बंद तुकड्यातलं गवत कापून न्यायची मुभा, ती पहिल्यांदा त्याला. चराईबंदी म्हणजे कुंपण नाही, चराई कुठे आणि कधी ह्याचा करार.

तर ज्यांच्या सह्या लागतात ते लोक आधी मोजा. ज्यांच्या गटातून चर, बांध जाणार त्यांची संमतीपत्रं, गट नंबरसकट. बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्याची पण, कारण बांधाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, कुणाच्या शेतात निघतो ह्यावरून जी भांडणं होतात ती पिढ्यानपिढ्या टिकतात. गायरानासाठी ग्रामसभेचा ठराव. वन जमीन असेल तर तिथे स्वतः कुदळ लावायची नाही, वनक्षेत्रपालांना भेटून ते काम त्यांच्याच आराखड्यात बसवून घ्यायचं, संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्यामार्फत, आणि ह्याला महिने लागतात म्हणून हे सगळ्यात आधी सुरू करायचं.

आणि भूमिहीन. ज्याला जमीनच नाही तो फुकट श्रमदान का करेल, बांध दुसऱ्याचा, विहीर दुसऱ्याची. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखेंनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली तिच्यात ह्याचं उत्तर होतं, पाण्याचा हक्क जमिनीवर नाही तर माणसांवर, माणशी अर्धा एकर भिजेल एवढा, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. खर्चातले 20 टक्के शेतकऱ्यांनी घालायचे. आज इतकं कडक कुणी मान्य करेल असं मला वाटत नाही, मी दोनदा प्रयत्न करून बघितला, दोन्ही वेळा सभा उठली. पण निदान एवढं तरी करता येतं की मजुरीचं काम भूमिहीनांना आधी, गायरानातलं गवत आणि तलावातले मासे त्यांच्या बचत गटाला. ठरावात लिहून. तोंडी दिलेला शब्द पहिल्या पावसात वाहून जातो.

बोअरचं पण आधीच ठरवा. पाणी आलं की बोअरची गाडी गावात मुक्कामालाच येते. आमच्या एका चांगल्या जमलेल्या गावात दोनच वर्षांत इतके बोअर पडले की पाणी पातळी जिथून वर आणली होती तिथेच परत गेली. महाराष्ट्राचा भूजल कायदा 2009 चा आहे, पण गावात बोअरची गाडी रात्री येते आणि कायदा दिवसा, तेव्हा ग्रामसभेनं स्वतः घातलेली बंदी जास्त चालते. हिवरे बाजारनं सिंचनासाठी बोअर नको असं ठरवून ते पाळून दाखवलं. पाणी यायच्या आधी अशा गोष्टीला लोक हो म्हणतात, पाणी आल्यावर कुणी म्हणत नाही.

कुणाकडून काय मागायचं

प्रत्येकाकडे सगळं मागायला गेलं की कुणीच काही देत नाही. रोहयोतून, म्हणजे रोजगार हमी योजनेतून, मजुरीची कामं निघतात, म्हणजे चर, दगडी बांध, बांधबंदिस्ती, विहीर पुनर्भरण, ती तिथेच टाका. सिमेंट बंधारा, त्याची दुरुस्ती, हे मृद व जलसंधारण विभागाकडे. पाणलोटाची केंद्राची योजना तुमच्या भागात मंजूर असेल तर ती कृषी विभागाकडे किंवा मृद व जलसंधारणकडे चौकशी केली की कळतं, असेल तर वेगळं काही उभं करू नका, तिच्या समितीत शिरा. तलावातला गाळ काढायचा असेल तर 2017 पासून गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार आहे, त्याची मूळ कल्पना मला फार आवडते, मशीन आणि डिझेल सरकार नाहीतर देणगीदार बघणार आणि गाळ शेतकऱ्यानं स्वतःच्या खर्चानं उचलून न्यायचा. ज्याला गाळाची किंमत कळते तोच ट्रॅक्टर लावतो, बघ्यांची गर्दी होत नाही.

संस्था लागतेच का? बहुतेक वेळा हो, पण संस्थेनं गावाचं काम करायचं नाही, गावाला काम करायला शिकवायचं. नाबार्ड आणि जर्मन मदतीच्या पाणलोट कार्यक्रमात नव्वदच्या दशकात ह्याची छान पद्धत होती, फादर बाखर हे जेझुइट धर्मगुरू त्यामागे होते आणि 1993 ला निघालेली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था गावांना तयार करायची. मोठा निधी लगेच नाही, आधी गावानं श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी कुऱ्हाडबंदी मान्य करायची, पाणलोट समिती निवडायची, मग एका लहान तुकड्यावर काम करून बघायचं, ते जमलं तरच बाकीचा पाणलोट. तुम्ही पण असंच करा, पहिल्या वर्षी एकच ओघळ घ्या, पंचवीस-तीस हेक्टरचा. तेवढ्यात कोण फक्त फोटोला येतो आणि कोण उन्हात थांबतो ते कळतं.

श्रमदानाबद्दल एक. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप ह्या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेनं 2016 मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव ह्या तीन तालुक्यांपासून सुरुवात केली, पहिल्या वर्षी कोरेगावातलं वेळू जिंकलं, आणि 45 दिवसांची मुदत असल्यामुळे लोकांना जोर चढायचा हे मी डोळ्यांनी बघितलंय. मुदत ठेवा, स्पर्धा ठेवा, आळी विरुद्ध आळी. पण श्रमदान कामाच्या खर्चात फार मोठं भरत नाही, ते माणसं जोडायला आहे, हे विसरून सगळा आराखडाच श्रमदानावर उभा केला तर पंधराव्या दिवशी दहा माणसं उरतात.

आता कंपन्या. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात (ह्यालाच सीएसआर म्हणतात), जलसंधारण त्यात बसतं. पैसा सहसा संस्थेमार्फतच येतो, आणि त्या संस्थेकडे 12ए, 80जी (ह्या दोन आयकराच्या) आणि सीएसआर-1 (कंपन्यांचा असा पैसा घेण्यासाठीची) नोंदणी आहे का हे आधीच विचारा, नाहीतर सगळं ठरल्यावर शेवटच्या आठवड्यात अडतं. चालू वर्षाच्या पैशासाठी प्रपोजल जानेवारीत घेऊन गेलात तर तुम्हाला उरलेले पैसे मिळतात आणि 31 मार्चची घाई त्याच्यासोबत फुकट. आमच्यावर ती पाळी आली होती, एका कंपनीला मार्चअखेर बंधाऱ्याचं उद्घाटन हवं होतं, वरचं काही झालेलं नव्हतं, आम्ही मोहात पडलो, बांधला, पाटी लागली, फीत कापली, आणि दोन पावसाळ्यांनंतर त्या बंधाऱ्यात आता पोरं क्रिकेट खेळतात. चूक कंपनीपेक्षा आमची जास्त होती, नाही म्हणता आलं नाही. म्हणून एप्रिलच्या आधीच, पुढच्या वर्षाचा आराखडा बनत असताना जा, आणि एका वर्षाचं मागू नका, काम सुरू झालं त्या वर्षाच्या पुढे आणखी 3 वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प नियमात बसतो. शेवटची दोन वर्षं फक्त दुरुस्ती आणि मोजमाप असं लिहा. तोंड वाकडं करतील, तरी लिहा.

करारात एमओयूची (सामंजस्य कराराची) इंग्रजी पानं कितीही असू देत, मराठीत एक पान वेगळं करा आणि ते चावडीवर लावा. कोण किती देणार, कधी देणार, मशीन कुणाचं, डिझेल कुणाचं, मोजमाप कोण करणार, पाटीवर कुणाची नावं आणि कुठल्या क्रमानं (हसू नका, दोन संस्थांची जोडी मी ह्या एका कारणावरून मोडलेली बघितलीय), काम झाल्यावर मालकी ग्रामपंचायतीकडे कशी जाणार. मशीनचं तर रोजचं रजिस्टर पाहिजेच, सकाळी आणि संध्याकाळी अवर मीटरचा (मशीन किती तास चाललं ते दाखवणारा) फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर, ऑपरेटरची आणि समितीतल्या एकाची सही. हे केलं नाही तर पोकलेन दुपारी सरपंचाच्या भावाचं शेत सपाट करताना सापडतं आणि मग सगळं गाव म्हणतं हे काम त्यांच्यासाठीच होतं.

वर्षाची घडी

दिवाळीनंतर शिवार फेरी आणि विहिरींची यादी, 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव, फेब्रुवारीत अंदाजपत्रकं आणि तांत्रिक मान्यता, मार्चपासून काम, मेच्या तिसऱ्या आठवड्यात थांबायचं. जूनपर्यंत ओढत नेलं की वळवाचा एक तडाखा ताजा भरावा घेऊन जातो. प्रत्यक्षात ह्यातलं निम्मं महिनाभर उशिरा होतं, होऊ द्या, फक्त ठराव आणि संमतीपत्र खोदकामाच्या मागे जाता कामा नये.

मोजमाप पहिल्या दिवसापासून, काम सुरू व्हायच्या आधीपासून. दहा-बारा विहिरी निवडा, वरच्या, मधल्या, खालच्या, काठावर रंगानं खूण करा आणि त्याच खुणेपासून टेप सोडून पाणी किती खाली आहे ते लिहा. भूजलवाले वर्षातून 4 वेळा मोजतात, तुम्ही महिन्यातून एकदा मोजा, आठवी-नववीच्या पोरींना हे काम द्या, त्यांच्या वहीएवढी चोख नोंद मी कुठल्या ऑफिसात पाहिली नाही. शाळेत पर्जन्यमापक बसवा. पाऊस जास्त झाला म्हणून पाणी वाढलं का कामामुळे वाढलं हे पावसाचे आकडे शेजारी नसतील तर कुणालाच सांगता येणार नाही, आणि पुढच्या वेळी पैसे मागताना पहिला प्रश्न तोच येतो. शक्य झालं तर काम न केलेल्या शेजारच्या ओढ्यावरच्या दोन विहिरी पण मोजत रहा.

दुरुस्तीचं खातं वेगळं उघडा, समितीच्या नावानं, तीन सह्यांचं, त्यातली एक सही बाईची. गाळ नेणाऱ्याकडून ट्रॉलीमागे काहीतरी, मासेवाल्या गटाकडून थोडं, बंधाऱ्याच्या पाण्यावर मोटर टाकणाऱ्याकडून हंगामाला ठराविक. रक्कम लहान असली तरी चालेल, पण वसुली पहिल्याच हंगामात सुरू करा, दुसऱ्या वर्षी मागितलं की लोक विचारतात आत्ताच कसलं.

आणि पहिला मोठा पाऊस झाला की त्याच संध्याकाळी, सकाळची वाट न बघता, चार माणसं, फावडी, रिकामी पोती आणि बॅटरी घेऊन माथ्यापासून खाली चालत यायचं. चर कुठे फुटलाय, पाणी कुठल्या कोपऱ्यातून वळसा घालून निघालंय, सांडव्याचा दगड कुठे सरकलाय, ते वाहत्या पाण्यातच दिसतं, दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर सगळं ठीकच वाटतं. फुटलेल्या जागी मुरूम भरलेली दोन पोती टाकली तर ते काम दहा मिनिटांचं, पुढच्या पावसापर्यंत सोडलं तर परत जेसीबी.